संत्र्याला भोक पाडणारे पतंग: युडोसिमा ओळखायचे कसे?

सप्टेंबर-ऑक्टोबरात वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या बहाराची, संत्री रंग धरू लागतात आणि त्याच सुमाराला फळगळीची चर्चाही सुरू होते. फळगळीला कारणं पुष्कळ असतात. बुरशी, अन्नद्रव्यांची कमतरता, पाण्याचा ताण किंवा अति पाऊस. पण झाडाखाली पडलेलं फळ हातात घेऊन नीट पाहिलं आणि सालीवर टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं, भोकाभोवती मऊ पडलेलं कडं दिसलं, आणि फळ दाबताच त्या भोकातून रस उडाला, तर कारण वेगळं आहे. रात्री कुणीतरी येऊन ते फळ भोसकून गेलेलं आहे.

अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन बागेत फिरलं की फळांवर बसलेले पतंग सापडतात. मोठे, छोटे, करडे, काळे, तपकिरी. पहिली प्रतिक्रिया असते ती सगळेच चोर धरण्याची. प्रत्यक्षात त्यातल्या बहुतेकांना ताज्या, धडधाकट संत्र्याची साल फोडता येत नाही. दुसऱ्याने पाडलेल्या भोकातून, किंवा तडकलेल्या-सडक्या फळातून ते रस पितात. एरंडीवरच्या उंटअळीचा पतंग, म्हणजे अकिया जनाटा, हा यातला नेहमीचा पाहुणा. खरं भोक पाडणारे मोजकेच, आणि त्यांत सर्वांत पटाईत म्हणजे युडोसिमा या प्रजातीतले पतंग.

त्यांची ओळख पटवणं हा केवळ हौशी निसर्गप्रेमींचा खेळ नाही. कोण कुणाचा नातेवाईक हे कळलं की तो कुठून येतो, कुठे वाढतो आणि त्याच्यावर फवारणी का लागू पडत नाही हेही कळतं.

आधी शब्दांपुरतं. शाळेत सजीवांची जी उतरंड पाठ करून घेतली जाते ती अशी: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. वर्तमानपत्रात हल्ली ‘प्रजाती’ हा शब्द सरसकट ‘जाती’साठी वापरतात, त्यामुळे गोंधळ होतो. इथे शाळेतलाच अर्थ घेतला आहे. युडोसिमा ही प्रजाती, आणि तिच्यात साधारण पन्नासच्या आसपास जाती. आफ्रिका, भारत, आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया, प्रशांत महासागरातली बेटं, मध्य आणि दक्षिण अमेरिका, असा सगळा उष्ण कटिबंध त्यांनी व्यापला आहे. काही जाती त्याच्या बाहेरही जातात. जपानमध्ये आणि हिमालयात आढळणारी युडोसिमा टिरॅनस ही त्यातली एक.

आता खुणा. सगळ्यात महत्त्वाची खूण उडत्या पतंगात दिसत नाही, ती सोंडेच्या टोकाला असते.

फुलपाखरं आणि पतंग यांची सोंड म्हणजे दोन अर्ध्या नळ्या एकमेकींना चिकटून झालेली एक नळी. फुलातला मध ओढायला एवढं पुरतं. टोक मऊ असलं तरी चालतं. युडोसिमाच्या सोंडेचं टोक मात्र कडक आणि अणकुचीदार असतं. त्यावर मागे वळलेले आकडे असतात, शिवाय आतल्या दाबाने उभे राहू शकणारे काटे असतात. पतंग फळावर बसतो, टोक सालीवर टेकवतो, डोकं हलवत ते आत रुतवतो. एकदा टोक रुतलं की दोन्ही अर्ध्या नळ्या आळीपाळीने पुढे-मागे सरकू लागतात. एक अर्धी आकड्यांनी आतल्या गरात पकड घेते, तेवढ्यात दुसरी पुढे सरकते. मग ती पकड घेते आणि पहिली सरकते. माडावर चढणारा आधी पायाची पकड घेतो, हात वर सरकवतो, मग हाताची पकड घेऊन पाय वर ओढतो, तसंच हे काम चालतं, फक्त दिशा आतली. म्हणूनच जाड सालीचं संत्रंही या पतंगाला अडवू शकत नाही, आणि पुरतं न पिकलेलं हिरवं फळही तो भोसकतो.

हे आज सूक्ष्मदर्शकातून सहज दिसतं, पण पहिल्यांदा कळलं तेव्हा मोठं नवल वाटलं होतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या संत्र्यांचं नुकसान पतंग करतात, अशी माहिती युरोपात पोचली होती. पतंगाची सोंड नाजूक, ती फळ कशी फोडणार, असा प्रश्न होता. 1875 साली फ्रेंच कीटकतज्ज्ञ क्युंकेल यांनी, आणि त्याच वर्षी चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव फ्रान्सिस डार्विन यांनी, या सोंडेची रचना तपासून मांडली. फ्रान्सिस यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच त्याला ‘संत्रं शोषणारा पतंग’ म्हटलं आहे. त्या काळात या पतंगाचं नाव ऑफिडेरिस फुलोनिका होतं. नावांच्या या भानगडीकडे आपण पुढे येणारच आहोत.

सोंड गुंडाळून ठेवलेली असताना ओळखायचं तर डोक्याच्या पुढे पाहावं. तोंडाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या स्पर्शिका वर वळून कपाळाच्या पुढे आलेल्या दिसतात. या मिशा नव्हेत. मिशा वेगळ्या, लांब, दोऱ्यासारख्या. स्पर्शिका आखूड आणि जाड असतात, त्यांना तीन पेरं असतात. दुसरं पेर डोक्याच्या माथ्यापर्यंत पोचतं आणि तिसरं पेर उघडं, बिनकेसाळ, बोथट टोकाचं असतं. बाजूने काढलेल्या फोटोत हे छान दिसतं, वरून काढलेल्या फोटोत अजिबात दिसत नाही. ओळख पटवण्यासाठी आलेले निम्मे फोटो याच कारणाने वाया जातात असं माझं निरीक्षण आहे.

मग पंख. बसलेला युडोसिमा म्हणजे वाळलेलं पान. पुढचे पंख तपकिरी, जांभळट, कधी हिरवट, त्यावर पानाच्या शिरेसारखी तिरपी रेघ, बुरशीसारखे ठिपके, आणि पंखाची मागची कड सरळ न जाता आत वळलेली, तिच्या दोन्ही टोकांना बाहेर आलेले लोळे. त्यामुळे पानाची कड फाटल्यासारखी वाटते. पतंग छताच्या उतारासारखे पंख मिटून बसतो, तेव्हा ही कड पाठीवर दिसते. युडोसिमा ऑरँशिया या जातीत तर पुढच्या पंखावरची काही खवलं इतकी गुळगुळीत असतात की त्यांवरून प्रकाश आरशासारखा परावर्तित होतो, आणि सपाट पंख गोल वळलेल्या चकचकीत पानासारखा दिसतो. पंख सपाट, पण बघणाऱ्याच्या डोळ्याला त्याला उंचवटा असल्याचा भास. अलीकडच्या अभ्यासात हे उलगडलं.

पण याच पानाला बोट लावलं की दृश्य पालटतं. पुढचे पंख उघडतात आणि खाली झाकलेले मागचे पंख दिसतात: भडक पिवळे-नारिंगी, त्यावर काळे पट्टे. पक्षी क्षणभर दचकतो, तेवढ्यात पतंग उडून जातो, पुन्हा कुठेतरी बसून पान होतो, आणि पक्षी नारिंगी रंग शोधत राहतो. हा नारिंगी-काळा मागचा पंख हीच बागेतल्या माणसासाठी सगळ्यात सोपी खूण. अकिया जनाटाचे मागचे पंख काळे असून त्यावर पांढरा पट्टा असतो. नारिंगी रंग तिथे नाही. फळावरच्या पतंगाचे पंख हलक्या हाताने उघडून पाहिले तरी मुख्य चोर आणि मागाहून आलेले पाहुणे वेगळे करता येतात.

जाती ओळखायला हाच मागचा पंख कामाला येतो. आपल्याकडे सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते युडोसिमा फलोनियाचं. पंख पसरले की साधारण 8 ते 10 सेंटिमीटर भरणारा हा दणदणीत पतंग. मागच्या पंखाच्या मध्यावर काळी चंद्रकोर, आणि बाहेरच्या कडेला रुंद काळी पट्टी. युडोसिमा मटर्नात चंद्रकोरीच्या जागी काळा गोल ठिपका असतो आणि कडेच्या काळ्या पट्टीत पांढरे ठिपके. एवढ्यावरून या दोघांत घोळ होण्याचं कारण नाही. युडोसिमा सॅलॅमिनियाला तर मागचे पंख उघडण्याचीही गरज पडत नाही: पुढचा पंख हिरवा आणि त्याच्या वरच्या कडेने जाणारा फिकट, मलईच्या रंगाचा पट्टा. युडोसिमा होमेना मात्र त्रास देते. मागच्या पंखावर फलोनियासारखीच कोर, आकार थोडा लहान, आणि पुढच्या पंखांची नक्षी नर-मादीत वेगळी. शंका उरली तर तज्ज्ञ जननेंद्रियांची रचना तपासतात, कारण दिसायला सारख्या असलेल्या जातींतही ती वेगळी असते.

नर-मादीतला फरक हा या प्रजातीतला खास सापळा आहे. फलोनियाच्या नराचे पुढचे पंख बरेच साधे, जांभळट तपकिरी असतात. मादीच्या पंखांवर जास्त ठिपके, हिरवट छटा आणि फिकट त्रिकोणी डाग दिसतात. मटर्नातही नर आणि मादी शेजारी ठेवले तर दोन जाती वाटतील. जुन्या अभ्यासकांकडे दूरदेशाहून आलेले सुटे नमुने असत, जोडी नसे. त्यामुळे एकाच जातीला दोन-दोन नावं पडली यात नवल नाही.

अळीची ओळखही सोपी आहे. पोटाखालच्या पायांची पहिली जोडी खुरटलेली असल्यामुळे ती पाठीची कमान करत चालते. सोयाबीनच्या शेतात वावरणाऱ्याला हे सांगावं लागणार नाही, ही उंटअळीच. रंग बहुधा मखमली काळसर-तपकिरी, कधी हिरवट, आणि अंगावर दोन्ही बाजूंना मोठे डोळ्यांसारखे ठिपके. डिवचलं की ती डोकं खाली वळवते आणि मागचा भाग वर उचलते, म्हणजे खोटे डोळेच समोर येतात. पुढे पानं गुंडाळून त्यांत कोष करते. अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास उबदार हवामानात साधारण महिना-सव्वा महिन्यात आटोपतो.

ही अळी संत्र्याच्या झाडावर नसते. ती असते गुळवेलीवर, वासनवेलीवर, पहाडवेलीवर. या तिन्ही वेली एकाच वनस्पतिकुलातल्या आहेत, आणि आपल्याकडच्या युडोसिमाच्या माद्या अंडी घालायला हेच कुल निवडतात. प्रशांत महासागरातल्या बेटांवर फलोनिया पांगाऱ्याच्या जातींवरही वाढते. तिथे तिने अगदी वेगळ्या कुलातलं झाड स्वीकारलं आहे. पण संत्रं, मोसंबी, डाळिंब हे फक्त मोठ्या पतंगाचं जेवण आहे, बाळपणाचं नाही. पतंग वेलीवर जन्मतो आणि फळासाठी बागेत येतो.

आता नावांची भानगड. कार्ल लिनियस यांनी 1763 साली या पतंगाचं वर्णन ‘फलोनिया’ या नावाने केलं. पुढच्याच वर्षी, 1764 मध्ये, कार्ल क्लेर्क यांच्या चित्रांच्या पुस्तकात ‘फुलोनिया’ हे नाव आलं. नामकरणाचा नियम साधा आहे: आधी छापलेलं नाव ग्राह्य. म्हणजे फलोनिया. पण शेतीच्या पुस्तकांत फुलोनिया, फुलोनिका ही रूपं इतकी रुजली की शंभर-दीडशे वर्षं तीच चालत राहिली, आणि आजही जुन्या कृषी पुस्तिकांत सापडतात.

प्रजातीच्या पातळीवर गोंधळ आणखी मोठा. गुस्ताव बिलबर्ग यांनी 1820 मध्ये युडोसिमा हे नाव दिलं. पण त्यानंतर ओथ्रिस, ऑफिडेरिस, मीनास अशी नावंही आली. लंडनचे फ्रेडरिक मूर हे भारतीय आणि श्रीलंकेतल्या पतंगांचे मोठे अभ्यासक. त्यांनी 1881 मध्ये याच गटाच्या तुकड्यांना खदिरा, पूर्बिया, वंदना अशी नावं दिली. मूर यांना भारतीय वळणाच्या नावांची आवडच होती. मागच्या पंखावरच्या ठिपक्यात थोडा फरक दिसला की नवी प्रजाती, असा त्यांचा खाक्या. जॉर्ज हॅम्पसन यांनी ब्रिटिश भारताच्या पतंगांवरच्या आपल्या ग्रंथात याउलट सगळ्यांना पुन्हा ऑफिडेरिसच्या एकाच खोक्यात टाकलं. अखेर 1989 मध्ये रॉबर्ट पूल यांच्या जागतिक सूचीत सगळी नावं युडोसिमाखाली एकत्र आली आणि आज साधारण तीच व्यवस्था चालते. माझं मत विचाराल तर पूल यांची मांडणी बरोबर वाटते. मूर यांच्या तुकड्यांना अर्थ नव्हता असं नाही, पण सोंड, स्पर्शिका आणि पंखांची घडण एवढी सारखी असताना रंगाच्या ठिपक्यावरून प्रजाती पाडणं पटत नाही.

एकत्र करतानाही चूक होऊ शकते, याचं उदाहरण याच प्रजातीत आहे. अमेरिका खंडातही मटर्नासारखाच, गोल काळ्या ठिपक्याचा पतंग सापडतो. दीर्घकाळ त्याला मटर्नाच समजलं गेलं, आणि मटर्ना जगभर पसरलेली आहे असं पुस्तकांत छापलं गेलं. 2002 साली आल्बेर्तो झिली आणि विलेम होखेनेस यांनी युडोसिमाची सगळी जुळवाजुळव पुन्हा तपासली. अमेरिकेतला तो पतंग वेगळा ठरला, युडोसिमा ऍप्टा. मटर्ना आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियापुरती उरली.

प्रजातीच्या वर गेलं की कुल. वीसेक वर्षांपूर्वीपर्यंत कुठल्याही पुस्तकात युडोसिमा नॉक्टुइडी कुलात सापडेल, म्हणजे अमेरिकन बोंडअळीचा पतंग असतो त्या कुलात. आता ती एरिबिडी कुलात आहे. पतंग बदलला नाही, रेषा बदलली. पूर्वीचं नॉक्टुइडी हे अवाढव्य कुल होतं. त्यातल्या काही पतंगांच्या मागच्या पंखात मधल्या कप्प्याच्या खालच्या बाजूने निघणाऱ्या ठळक शिरा तीन असतात, काहींत चार. हा फरक जुन्या लोकांना माहीत होता, पण त्याला उपकुलाइतकीच किंमत दिली जाई. डीएनएची तुलना सुरू झाल्यावर लक्षात आलं की चार शिरांचा मोठा गट, केसाळ अळ्यांचे पतंग आणि रंगीबेरंगी ‘वाघ पतंग’ हे सगळे एकमेकांचे जवळचे नातेवाईक आहेत. 2012 मध्ये रेझा झाहिरी आणि सहकाऱ्यांनी या एरिबिडी कुलाची वंशावळ सविस्तर मांडली. युडोसिमा तिथे कॅल्पिनी नावाच्या उपकुलात बसते.

आणि या उपकुलात तिचे शेजारी फार विचित्र आहेत. कॅलिप्ट्रा ही प्रजाती त्यांतलीच. तिच्या पतंगांची सोंडही अशीच आकड्यांची, तेही फळं भोसकतात. पण काही जातींचे नर त्याच सोंडेने म्हैस, हरीण, हत्ती अशा प्राण्यांची कातडी भोसकून रक्त पितात. हान्स बान्झिगर या स्विस कीटकतज्ज्ञांनी 1960 च्या दशकात मलायात हे प्रत्यक्ष पाहून नोंदवलं. रक्त पिणारा पतंग असू शकतो यावर तोवर विश्वास ठेवणं अवघड होतं. जेनिफर झास्पेल आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये डीएनएच्या आधारे या उपकुलाची नाती तपासली तेव्हा, फळ भोसकणारी सोंड आधी आली आणि तिच्यातूनच पुढे रक्त पिण्याची सवय निघाली, या कल्पनेला आधार मिळाला. बागायतदाराने मात्र घाबरू नये. युडोसिमा फळांवरच समाधानी आहे, आणि तिचे नर आणि मादी दोघंही फळं भोसकतात.

आता हे सगळं बागेत आणून पाहू. पतंग वेलीवर वाढतो, म्हणजे संत्र्याच्या पानांवर औषध फवारून अळी मरणार नाही. अळी तिथे नाहीच. पतंग पान खात नाही, साल कुरतडत नाही, सोंड थेट आतल्या रसात घालतो, म्हणजे सालीवरचं औषध त्याच्या पोटात क्वचितच जातं. शिवाय फळं तोडणीच्या तोंडावर असताना फवारणी करणं खाणाऱ्यालाही परवडणारं नाही. दिव्याच्या सापळ्यांवर भरवसा ठेवावा तर या पतंगांना दिव्याची ओढ बेताचीच असते. त्याऐवजी गुळाच्या आमिषात विष मिसळून बागेत ठेवणं, पडलेली फळं रोज गोळा करून पुरणं, संध्याकाळी धूर करणं, हे उपाय आपल्याकडे पूर्वापार सुचवले जातात. पडकी फळं पुरणं सगळ्यात स्वस्त आणि महत्त्वाचं, कारण त्या वासावरच आणखी पतंग येतात. जपानमध्ये फळबागांत रात्रभर पिवळे दिवे लावतात. उजेडामुळे पतंगाच्या डोळ्यांना दिवसासारखं भासतं, आणि तो खाण्याउडण्याच्या भानगडीत पडत नाही.

गुळवेल आणि वासनवेल उपटून टाका, हा सल्लाही पुस्तिकांत असतो. बांधावरची वेल काढणं ठीक आहे. पण पतंग लांबून उडत येतो, आणि जवळच्या जंगलातली सगळी गुळवेल कुणी उपटू शकत नाही. उपटूही नये. त्यातून अलीकडे गुळवेलीला औषधी म्हणून एवढी मागणी आली आहे की घरोघरी कुंपणावर ती मुद्दाम चढवली जाते. संत्र्याच्या बागेशेजारी राहणाऱ्याने निदान त्या वेलीची पानं पावसाळ्यात उलटून पाहावीत. डोळ्यांचे ठिपके असलेली उंटअळी सापडली तर ती हाताने वेचणं, हे बागेतल्या कुठल्याही फवाऱ्यापेक्षा उपयोगाचं.

मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या बहाराची, फळं या त्रासातून बरीच वाचतात, कारण ती फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतात आणि तोवर वेलींची कोवळी पालवी आणि पतंगांची गर्दी ओसरलेली असते. आंबिया बहाराला मात्र पावसाळ्यात वाढलेल्या पिढीशी नेमका सामना करावा लागतो.

रात्री बागेत गेलात आणि फळावर पतंग दिसला, तर दोन फोटो काढा. एक बाजूने, डोक्याजवळून, म्हणजे वर वळलेल्या स्पर्शिका दिसतील. दुसरा मागचे पंख उघडल्यावर. पंख आपोआप उघडत नसतील तर बारीक काडीने पुढचा पंख हळूच वर सरकवा. अंधार पडल्यानंतरचे पहिले तीन-चार तास सगळ्यात चांगले. त्या वेळी पतंग खाण्यात एवढा गुंग असतो की बॅटरीचा झोत आल्यावरही सोंड बाहेर काढायला त्याला थोडा वेळ लागतो.